माणसावर नव्हे, देवावर भिस्त: खान्देशातल्या मंडळ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ-जळगावच्या जुन्या चर्चपासून नवापूर, साक्री, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या मंडळ्यांपर्यंत संप्रदाय वेगवेगळे आहेत, पण पुढाऱ्यांविषयीचे प्रश्न जवळपास तेच असतात. "देवावर भरवसा ठेवा" हे दर रविवारी ऐकायला मिळतं. तो भरवसा सोमवारी पैशांत, आजारपणात, निवडणुकीत आणि भांडणात कसा वागवायचा, ते सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. इथे भर त्यावर आहे.

पाळकांवर विश्वास ठेवणं चूक आहे का?

नाही. पाळकाचा मान राखणं, त्यांचं शिकवणं मन लावून ऐकणं, अडीअडचणीला सल्ला घेणं हे सगळं बायबलला धरून आहे. चूक होते ती भिस्त हलते तेव्हा. स्तोत्र १४६:३-४ मध्ये अधिपतींवर भरवसा ठेवू नका असं सांगितलंय आणि लगेच कारणही दिलंय: माणसाचा श्वास जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे बेत संपतात. पुढारी वाईट असतो असं तिथे म्हटलेलं नाही. तो मर्त्य असतो, एवढंच म्हटलंय. चांगल्यातल्या चांगल्या पाळकालाही हे लागू आहे.

इब्री १३:७ मध्ये ज्यांनी तुम्हाला वचन सांगितलं त्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा, असं आहे. त्याला लागूनच आठवं वचन येतं: येशू ख्रिस्त काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. पुढारी येतात आणि जातात. ख्रिस्त राहतो.

आपली भिस्त कुठे आहे हे पाहायचं असेल तर तीन गोष्टी प्रामाणिकपणे तपासा. रात्री दोनला घरात कोणी आजारी पडलं, तर आधी प्रार्थना करता की आधी पास्टरांचा नंबर लावता? पाळकांचं एखादं म्हणणं वचनात सापडत नाही असं दिसलं, तर विचारायची हिंमत होते का? आणि उद्या त्यांची बदली झाली, तर तुमच्या घरातलं वाचन-प्रार्थना चालू राहील का?

आमच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी पास्टरांकडेच जातात. त्यात बिघडलं काय?

सातपुड्यात आजारपण, पीकपाणी, हरवलेलं जनावर, न होणारं मूल, सगळ्यासाठी भगताकडे जायची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. विश्वासात आल्यावर माणूस भगताकडे जायचं सोडतो. पण ती जागा मनात मोकळी राहत नाही, आणि कळत-नकळत पास्टरांना तिथे बसवलं जातं. मग "त्यांनी डोक्यावर हात ठेवला तरच उतरेल", "त्यांच्याच हातचं तेल पाहिजे" असं सुरू होतं. नाव ख्रिस्ताचं आणि चाल जुनीच.

देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, ख्रिस्त येशू (१ तीमथ्य २:५). याकोब ५:१४-१५ नीट वाचा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळी सांभाळणाऱ्या पोक्त माणसांना, बोलवावं असं तिथे आहे. म्हणजे एकटा खास माणूस नाही, चार जण. ते आजाऱ्याच्या घरी येतात, प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करतात, आणि उठवतो तो प्रभू. तेलाच्या बाटलीत शक्ती नाही. ती पन्नास रुपयांना विकत मिळत असेल तर तो देवघेवीचा धंदा आहे. अलीशा संदेष्ट्याने कोड बरं झालेल्या नामानाकडून काही घेतलं नाही, आणि त्याचा चाकर गेहजी मागून धावत जाऊन चांदी आणि कपडे घेऊन आला, तेव्हा नामानाचं कोड त्याला लागलं (२ राजे ५).

पास्टरांनीही इथे मदत करावी. प्रार्थनेला बोलावणं आलं की सोबत मंडळीतल्या एका वडिलांना घ्यावं, आणि घरच्यांपैकी कोणाला तरी मोठ्याने प्रार्थना करायला सांगावं. लोक सुरुवातीला लाजतात. तरी सांगावं.

"पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा" असंही बायबल सांगतं. मग प्रश्न विचारणं म्हणजे बंड नाही का?

इब्री १३:१७ मध्ये तसं आहे. त्याच वाक्यात हेही आहे की पुढाऱ्यांना हिशेब द्यावा लागणार आहे. ज्याला हिशेब द्यायचाय तो मालक नसतो.

"माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" हे प्रेषितांची कृत्ये ५:२९ मधलं वचन आपण बहुधा सरकारच्या संदर्भात वापरतो. पेत्र आणि प्रेषित ते कोणासमोर बोलले ते पाहा: महायाजक आणि यहुद्यांची न्यायसभा, म्हणजे धर्माचेच सर्वोच्च पुढारी. धर्मपुढाऱ्याचा शब्दही देवाच्या शब्दाखालीच येतो, हे त्या प्रसंगातच आहे.

व्यवहारात रेषा अशी आखता येते. उपासनेची वेळ, शिकवणीचा क्रम, सभांचं नियोजन, वचनाला धरून दिलेली ताकीद या बाबतींत पाळक आणि वडिलांचं ऐकावं, मनाविरुद्ध असलं तरी. लग्न कोणाशी करायचं, शेत विकायचं की नाही, गोळ्या घ्यायच्या की नाही, मत कोणाला द्यायचं या बाबतींत ते सल्ला देऊ शकतात, हुकूम देऊ शकत नाहीत. "माझं ऐकलं नाहीस तर शाप लागेल" असं कोणी म्हटलं की रेषा ओलांडली गेली. पेत्राने स्वतः वडिलांना लिहिलंय की कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा (१ पेत्र ५:३).

आणि विचारायचं कसं? एकांतात, उपासनेनंतर लगेच गर्दीत नाही, आरोपाच्या सुरात नाही. "पाळकसाहेब, रविवारी तुम्ही उपवासाबद्दल जे सांगितलंत ते मला नीट उमगलं नाही. कोणत्या वचनात आहे, दाखवाल का? मी घरी वाचून बघतो." चांगला पाळक यावर खूश होतो. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं म्हणणं खरं आहे की नाही हे रोज शास्त्रात शोधून पाहिलं, आणि त्याबद्दल त्यांना थोर म्हटलंय (प्रे. कृत्ये १७:११).

"परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका" असं सांगून आम्हाला गप्प बसवतात. या वचनाचा अर्थ काय?

वचन स्तोत्र १०५:१५ मधलं. त्याच्या आधीच्या ओळी वाचल्या की संदर्भ उघड होतो: अब्राहाम, इसहाक, याकोब आणि त्यांची घरची माणसं परक्या देशांत फिरत होती तेव्हा देवाने तिथल्या राजांना दटावलं की यांना इजा करू नका. दुबळ्या वाटसरूंना सत्ताधाऱ्यांपासून दिलेलं ते संरक्षण आहे. आज ते अनेकदा उलटं, सत्तेवरच्याला दुबळ्यांच्या प्रश्नांपासून वाचवायला वापरलं जातं. हे दुःखाचं आहे.

दुसरा दाखला देतात तो दावीद आणि शौलाचा. एन-गेदीच्या गुहेत, दाविदाच्या जिवावर उठलेला अभिषिक्त राजा शौल हाताशी आला असताना दाविदाने त्याला मारलं नाही, फक्त झग्याचा काठ कापला (१ शमुवेल २४). बरोबर. पण गोष्ट तिथे थांबवू नका. दावीद गुहेबाहेर आला आणि सगळ्या सैन्यादेखत मोठ्याने म्हणाला की तू माझ्यावर अन्याय करतोस, परमेश्वर आपला न्याय करो. शौल रडला, तरी दावीद त्याच्या घरी परत गेला नाही, आपल्या गडावर गेला. सूड घेतला नाही, सत्य बोलला आणि सुरक्षित अंतर ठेवलं. गैरवागणुकीत अडकलेल्या विश्वासणाऱ्याने तिन्ही गोष्टी घ्याव्यात.

शिवाय नव्या करारात अभिषेक हा एकट्या पाळकाचा नाही. योहान तो सगळ्या विश्वासणाऱ्यांना मिळालेला आहे असं लिहितो (१ योहान २:२०, २७).

सभेत माझ्याबद्दल भविष्यवाणी झाली. ती देवाची की माणसाची, कसं ओळखायचं?

पौल दोन्ही टोकं टाळतो: भविष्यवाणी तुच्छ मानू नका, आणि सगळ्याची पारख करा (१ थेस्सल. ५:२०-२१). करिंथच्या मंडळीला तो सांगतो की दोघा-तिघांनी संदेश द्यावेत आणि इतरांनी ते तोलावेत (१ करिंथ १४:२९). म्हणजे तोलणं हा सभेचाच भाग आहे.

पहिल्यांदा, शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी वहीत लिहा, तारखेसह. आठवड्याभरात आठवण आपल्या इच्छेप्रमाणे वळते, म्हणून हे आधी. मग वचनाशी ताडून पाहा. पती-पत्नीला तोडणारं, आईबापांना टाकायला लावणारं, खोटं बोलायला सांगणारं असेल तर पुढे तपासायची गरजच नाही. तिसरं, सांगणाऱ्याचा त्यात फायदा आहे का? "तुझी मोटारसायकल देवाच्या कामाला दे" असा संदेश देणाऱ्यालाच मोटारसायकल मिळणार असेल तर थांबा. चौथं, मंडळीतल्या दोन पोक्त माणसांना लिहिलेलं दाखवा, त्यातलं एक तरी संदेश देणाऱ्याच्या जवळचं नसावं. आणि नोकरी सोडणं, शेत विकणं, लग्न ठरवणं किंवा मोडणं असा मोठा निर्णय केवळ भविष्यवाणीवर कधीही घेऊ नका.

सांगितलेलं घडलं नाही तर तो संदेश परमेश्वराचा नव्हता, असं अनुवाद १८:२२ सरळ सांगतं. त्याहून कमी सांगितला जातो तो अनुवाद १३ चा इशारा: सांगितलेलं चिन्ह खरं ठरलं तरीही, तो माणूस तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. "त्यांनी सांगितलं तसंच झालं" एवढ्यावर कोणालाही मान तुकवायची नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक राहा. प्रार्थनेत किंवा संदेशात "तुझ्या घरच्या आजारामागे अमुक बाई आहे" असं कोणी बोललं, तर तिथल्या तिथे थांबवा. आपल्या भागात डाकीण ठरवून बाईला मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे घडलेलं आहे. मंडळीच्या तोंडून तसं नाव बाहेर पडलं तर ती आग मंडळीने लावली असं होईल. अमुक माणूस करणी करतो असं भासवून त्याला त्रास देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाही आहे.

देवावर भरवसा असेल तर औषध बंद करावं, असं एका सेवकाने सांगितलं. काय करू?

औषध बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.

आसा राजाने आजारात परमेश्वराऐवजी वैद्यांचा आश्रय केला (२ इतिहास १६:१२), हे वचन यासाठी पुढे केलं जातं. आसाला दोष आहे तो परमेश्वराला सोडल्याचा. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता, देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून त्याला बरं करायचं वचन दिलं, आणि त्याच यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलं (२ राजे २०:७). वचनही आलं आणि लेपही आला. पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता (कलस्सै ४:१४). नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय कित्येक दशकं चालत आलंय. प्रार्थना आणि औषध यांत भांडण असतं तर ते उभंच राहिलं नसतं.

व्यवहारात कुठे घात होतो तेही पाहा. टीबीचा नेहमीचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस सभेत साक्ष देतो आणि गोळ्या सोडतो. जंतू मेलेले नसतात. ते पुन्हा वाढतात, आणि तेव्हा साध्या गोळ्यांना दाद न देणारे झालेले असू शकतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. तो जन्मजात रक्तदोष आहे, शापही नाही आणि अविश्वासाची खूणही नाही. त्यावरची हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी चालू असेल तर ती बरं वाटत असतानाच उपयोगी पडत असते. बरं वाटतंय म्हणून सोडली की दुखण्याचे झटके परत येतात. साप चावला तर १०८ ला फोन, चावलेला अवयव हलू न देता थेट दवाखाना, आणि प्रार्थना गाडीत. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणं हाही त्याच जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

साक्ष द्यायचीच असेल तर सगळी द्या: प्रार्थना केली, गोळ्या पूर्ण घेतल्या, तपासणीत टीबी निघून गेला, देवाची स्तुती.

अर्पणाचे पैसे कसे सांभाळावेत? हिशेब मागितला तर "विश्वास नाही का?" असं म्हणतात.

पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेली तेव्हा मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, आणि कारण लिहून ठेवलं: या मोठ्या रकमेबाबत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, आणि प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य ते करायचं (२ करिंथ ८:२०-२१). प्रेषिताला जर साक्षीदार लागले तर आपल्यालाही लागतील. हिशेब ठेवल्याने पाळकाचंच रक्षण होतं. खोटा आळ आला की वहीच त्यांच्या बाजूने बोलते.

पैसे उपासना संपल्याबरोबर, लोक पांगायच्या आत मोजायचे. मोजणारे दोघं, एकमेकांच्या नात्यातले नकोत, आणि पाळकाच्या घरातलं कोणी त्यांत नको. चिठ्ठीवर तारीख, पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, खाली चिल्लर, बेरीज आणि दोन सह्या. एक प्रत खजिनदाराकडे, एक मोजणाऱ्यांकडे. सोमवारी किंवा मंगळवारी भरणा करून बँकेची पावती चिठ्ठीला टाचायची. खातं मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या नावाचं, सही करणारे तिघं, त्यांतल्या कोणत्याही दोघांची सही लागावी. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा, खर्च आणि शिल्लक मोठ्याने वाचायची. पाच मिनिटं लागतात.

आता बिघडतं कुठे. सगळ्यात जास्त बिघडतं ते अर्पणातून परस्पर खर्च केल्याने. मंडपवाला दारात उभा असतो, थैलीतलेच दीड हजार त्याला दिले जातात, आणि चिठ्ठीवर उरलेली रक्कम येते. चोरी झालेली नसते, पण ती झाली नाही हे दाखवायला कागदही नसतो. अख्खी रक्कम आधी बँकेत जाऊ द्या, खर्च नंतर पावतीवर करा. दुसरं, कोऱ्या चेकांवर आगाऊ सह्या. "भाऊ सुरतला असतात, म्हणून दहा चेक सही करून ठेवलेत" असं झालं की दोन सह्यांचा नियम मेला. तिसरं, भिंतीवरचा क्यूआर कोड. आपल्या मोबाइलवर स्कॅन करून नाव कोणाचं येतं ते बघा. पाळकाच्या किंवा त्यांच्या मुलाच्या वैयक्तिक खात्याचं येत असेल तर तो आज काढा आणि मंडळीच्या खात्याचा लावा. चौथं, वर्षानुवर्षं एकच खजिनदार. तीन वर्षांनी बदला, माणूस कितीही चांगला असला तरी.

कापणीच्या सणाला ज्वारी, मका, भात, मिरची, कोंबड्या येतात आणि लिलाव होतो. तिथे फक्त "एकूण एवढे आले" असं लिहू नका. वस्तू, वजन, घेणाऱ्याचं नाव, बोली, आणि पैसे दिले की बाकी, एवढे रकाने ठेवा. बाकी राहिलेली बोली हे दरवर्षीचं दुखणं आहे.

मंडळीचा ट्रस्ट असेल तर तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला असतो. हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद करून तपासून घ्यायचे असतात, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यायचा असतो. हा अहवाल न दिल्यामुळे वारलेल्या माणसांची नावं विश्वस्त म्हणून कागदावर तशीच राहतात, आणि वाद झाला की कोणालाच सही करता येत नाही.

चर्चची जागा पास्टरांच्या नावावर आहे. चालेल का?

आज चालतंय असं वाटेल, पण माणूस गेला की ती जागा त्याच्या वारसांची होते. मुलांनी ताळं लावलं तर मंडळी रस्त्यावर येते. आधी सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढून पाहा.

पाड्यांवर बहुतेक वेळा एखाद्या विश्वासणाऱ्याने आपल्या शेताचा तुकडा तोंडी दिलेला असतो. तो आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे ती जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही, बक्षीस म्हणूनसुद्धा नाही. साध्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं म्हणजे झालं, असं समजू नका. तहसील कार्यालयात आणि जाणत्या वकिलाकडे आधी विचारा. ट्रस्टच्या नावावर आधीपासून असलेली जागा विकायची असेल तर १९५० च्या कायद्याचं कलम ३६ लागतं, म्हणजे धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी. तिच्याशिवाय झालेली विक्री वैध नाही.

पाळकाकडून पाप घडलंय असं कळलं. पुढे काय?

आधी पाहा की ही बाब कोणत्या जातीची आहे.

मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर मंडळीची बैठक घ्यायची नाही, थेट पोलिसांत जायचं. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला माहीत आहे त्याने कळवलंच पाहिजे. मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२. "मंडळीची बदनामी होईल" म्हणून मिटवणं हे लेकराचा बळी देणं आहे. मारहाण, बलात्कार, मोठी अफरातफर यांनाही हाच मार्ग. राज्याच्या हाती तरवार उगाच दिलेली नाही (रोम १३:४).

बाकीच्या बाबींत मत्तय १८:१५-१७ चा क्रम: एकांतात बोलणं, मग एकदोघांना सोबत नेणं, मग मंडळी. वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, आणि पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष द्यावा, असं १ तीमथ्य ५:१९-२० मध्ये आहे. पहिला भाग चुगलीपासून वाचवतो आणि दुसरा भाग झाकपाकीपासून. मंडळ्या बहुधा एकच अर्धं वापरतात. कुजबुज करायची नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. काय, कधी, कोणासमोर घडलं हे लिहून वडिलांकडे द्या. ते दाबत असतील तर वरच्या सभेकडे किंवा बिशपांकडे पोच घेऊन द्या.

पौलाने अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केला (गलती २:११-१४), तरी पेत्र प्रेषितच राहिला. नाथान संदेष्ट्याने पाप केलेल्या दावीद राजाला "तो माणूस तूच" म्हटलं, आणि दाविदाने पश्चात्ताप केला. दोष दाखवण्याचा हेतू माणूस परत यावा हा असतो. परत येणं म्हणजे लगेच व्यासपीठावर येणं मात्र नव्हे.

ज्यांनी मला बाप्तिस्मा दिला ते पाळक पापात पडले. माझा बाप्तिस्मा खोटा ठरतो का?

नाही. हा प्रश्न मंडळीने सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीच सोडवलाय. सन ३०३ मध्ये सुरू झालेल्या रोमी छळात काही पुढाऱ्यांनी शास्त्राच्या पोथ्या शत्रूच्या हाती दिल्या. उत्तर आफ्रिकेतला डोनाटस पंथ म्हणू लागला की अशांच्या हातचे संस्कार निष्फळ. ऑगस्टिनने उत्तर दिलं की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. तुमचा बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला. त्या पाळकाच्या नावाने झाला नाही.

मन मात्र दुखावलेलं असतं, आणि ते खरं दुःख आहे. काही महिने उपासनेत मागच्या बाकावर बसावंसं वाटलं तर बसा. उपासना सोडू नका.

कॅथलिक मंडळीत बिशप आणि पोपांचा अधिकार मोठा आहे. तिथे हे कसं लागू होतं?

खान्देशातले तिन्ही जिल्हे १९८७ साली झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. तिथली रचना वेगळी असली तरी बिशपही वचनाचे सेवकच मानले जातात. १९८३ च्या कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक मंडळीच्या कायद्याच्या, २१२ व्या कलमात विश्वासणाऱ्यांना आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क, प्रसंगी कर्तव्यही, सांगितलंय, आणि ५३७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थविषयक समिती असलीच पाहिजे. रोमी अधिकारी कर्नेल्य पाया पडला तेव्हा "ऊठ, मीही माणूसच आहे" असं म्हणणारा, कॅथलिक ज्याला पहिला पोप मानतात तो पेत्रच होता (प्रे. कृत्ये १०:२६).

निवडणुकीत मंडळीने एकगठ्ठा मत द्यावं का?

सभामंडपाला पत्रे, बोअरवेल, समाजमंदिर देऊ करणारे पुढारी मतदानाच्या तोंडावर येतातच. त्यांच्यासाठी प्रार्थना करा, ती आज्ञाच आहे (१ तीमथ्य २:१-२). पाणी, रस्ता, रेशन, वनहक्काचे दावे यांसाठी त्यांच्याकडे अर्जही करा. पण "हेच आपले तारणारे" असं व्यासपीठावरून बोललं गेलं की आपण १ शमुवेल ८ मध्ये जाऊन पोचलो. इस्राएलाने इतरांसारखा राजा मागितला, आणि शमुवेलाने आधीच यादी दिली: तो तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, चांगली शेतं घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल.

मत गुप्त असतं आणि ते प्रत्येकाच्या विवेकाचं असतं. पाळकाने उमेदवाराचं नाव घेऊ नये. विधानसभा-लोकसभेत उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी धर्माच्या नावावर मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. जर्मनीत हिटलरच्या काळात बरीच चर्च सत्तेच्या मागे गेली. मे १९३४ मध्ये बार्मेन गावी जमलेल्या चर्चच्या प्रतिनिधींनी मात्र जाहीर केलं की ऐकायचा आणि मानायचा तो देवाचा एकच शब्द, येशू ख्रिस्त.

यूट्यूबवरच्या मोठ्या सेवकांचं ऐकावं का?

ऐका, पण त्यांना पाळक करू नका. ते तुमचं घर ओळखत नाहीत, आणि त्यांचं घर तुम्ही ओळखत नाही. तीताच्या पत्रातल्या आणि १ तीमथ्य ३ मधल्या वडिलांच्या कसोट्या घराच्या, स्वभावाच्या आणि पैशांच्या आहेत. त्या पडद्यावरून तपासता येत नाहीत.

मला वाचता येत नाही. मी पारख कशी करणार?

वचन कानाने ऐकून मनात साठवणारे पहिल्या शतकातही पुष्कळ होते. मावची आणि अहिराणीत वचनाचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर मिळतं. एकाने डाउनलोड करून मेमरी कार्डवर सगळ्यांना द्यावं, म्हणजे रेंज नसली तरी चालतं. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा, रोज एक अध्याय. शाळेत जाणाऱ्या नातवाला रविवारचा उतारा संध्याकाळी पुन्हा वाचायला सांगा आणि विचारा, "पास्टर बोलले ते यात आहे का रे?" आजी-आजोबांची पारख या एका प्रश्नाने तयार होते, आणि पोरगंही वचनात वाढतं.

मी स्वतः पाळक आहे. लोक माझ्यावर फारच विसंबतात. काय करू?

मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, सांगितलं की तू एकट्याने हे केलंस तर तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम (निर्गम १८). महिन्यातला एक रविवार वचन दुसऱ्याला सांगू द्या आणि त्या दिवशी तुम्ही खाली बसून ऐका. बँकेच्या सह्यांतून स्वतःचं नाव काढता आलं तर काढा. पगार किंवा मानधन ठरावात लिहून घ्या, म्हणजे घरोघरच्या पाकिटांवर जगावं लागणार नाही. पाकिटं देणारी घरंच हळूहळू मंडळी चालवू लागतात. वर्षातून एकदा वडिलांना विचारा, "माझ्या वागण्यात काय खटकतं?" आणि उत्तर देऊ नका, लिहून घ्या.

आम्ही सहा महिने ऊसतोडीला गुजरातेत असतो. तिथे पाळक नसतो. काय करायचं?

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात आणि बारडोलीच्या बाजूला पालं पडतात, तेव्हा हा प्रश्न शेकडो घरांचा असतो. जिथे दोघं-तिघं माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे, हे ख्रिस्ताचं वचन (मत्तय १८:२०) पालावरही तेवढंच खरं आहे. निघण्याआधीच टोळीतली दोन माणसं, जमल्यास एक बाई आणि एक पुरुष, मंडळीसमोर नेमून घ्या. मुकादम या दोघांत नको. हजेरी आणि उचल त्याच्या हातात असते, म्हणून लोक त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा, तोड उशिरा सुटली तरी अर्धा तास: एक गीत, एक उतारा, प्रत्येकाची एक प्रार्थना. अर्पण गोळा केलंत तर वहीत लिहा आणि दोघांनी मिळून सांभाळा. प्रभुभोजन कोणी द्यायचं याचे नियम प्रत्येक मंडळीत वेगळे आहेत, म्हणून ते पाळकांना निघायच्या आधी विचारून घ्या. आजारी पडलात तर टीबी किंवा सिकलसेलचं कार्ड आणि पुरेशा गोळ्या सोबत हव्यात. त्या पिशवीत भरायचं काम निघायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका, कारण उपकेंद्रात त्या दिवशी औषध संपलेलं असू शकतं.